चंपानं मागितलेली तार

"सखी नाही म्हणायचं. चंपा म्हणायचं."

"शालन, डोकं नको खाऊ. सखी म्हटलं तर काय बिघडतं?"

"सखी कोण? आपल्या चाळीत कोण होती सखी? बारा नंबरात होती की तेरा नंबरात?"

"कवितेत चालतं गं तसं."

"नाही चालत. पुठ्ठ्यावर चंपा लिहिलंय तुम्ही. वहीत मी चंपा उतरवलंय, माझ्या हातानं. आता माईकसमोर सखी कुठून येणार?"

"मग ती कविताच नको. पतंगाची वाचतो."

"पतंगाची वाचलीत तर मी हॉलमध्ये पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते."

"अगं, बायको असून तू नवऱ्याला सांगतेस, परक्या बाईचं नाव घे म्हणून? चारचौघांत?"

"हो, सांगते! घाबरते काय मी?"

मी दारातच थांबले होते. आमच्या लालबागच्या चाळीच्या जागी बावीस मजली इमारत झाली, लिफ्ट आली, दाराला डोळा आला, पण चौदाव्या मजल्यावरच्या धुरींचं दार दिवसभर उघडंच असतं. त्यामुळे त्यांचं भांडण ऐकण्यासाठी कान लावावे लागत नाहीत. चपला काढल्या की आपण भांडणात असतो.

"ये अनुजा," शालनकाकू म्हणाल्या. "तूच सांग ह्यांना. तू नाटकातली ना?"

"तिला काय विचारतेस?" लवूकाका म्हणाले. "तिनंच लावलंय हे सगळं."

खरं होतं ते. दादरला एका छोट्या सभागृहात रविवारी सकाळी मी लवूकाकांच्या कवितांचं वाचन ठेवलं होतं. कविता मी वाचायच्या, मधे मधे काकांनी गिटार वाजवायची, आणि शेवटची एक कविता त्यांनी स्वतः वाचायची. ती कुठली, यावरून पाच दिवस धुरींच्या घरात शांतता नव्हती.

लवू धुरी आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. बारीक, ताठ, शर्टाची वरची गुंडी लावणारे. आयुष्याची अठ्ठावीस वर्षं त्यांनी हिंदमाताच्या एका कापडदुकानात काढली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा कविता सुचायची आणि हाताशी कागद नसायचा. असायचे ते ताग्याच्या आत घातलेले लांबट पुठ्ठे. कापड संपलं की पुठ्ठा मोकळा. त्यावर ते लिहायचे, म्हणून त्यांच्या सगळ्या कविता उंच आणि अरुंद आहेत. एका ओळीत चार शब्दांच्या वर मावत नाहीत. संध्याकाळी पुठ्ठा घरी यायचा, काकू तो वाचायच्या, वहीत उतरवायच्या आणि मग त्याच पुठ्ठ्यावर पापड वाळत घालायच्या. "कविता वाया नाही गेली आमच्याकडे," असं त्या अभिमानानं सांगतात, "आणि पुठ्ठापण नाही."

पण गिटार हिंदमाताच्या आधीची. गिटार गिरणीतली.

विसाव्या वर्षी लवूकाका गिरणीच्या रिंग खात्यात बदली कामगार म्हणून लागले. तिथे भायखळ्याला राहणारा एक गोवेकर फिटर होता. त्याची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. डाव्या हातात पोलादाची दांडी धरायची आणि ती तारांवरून सरकवायची. काकांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मशीन बंद पडल्यासारखे ते उभे राहिले.

"साधी गिटार बोलते," ते मला एकदा म्हणाले होते. "टक् टक् टक्, एक सूर झाला, दुसरा सूर. ही बोलत नाही. ही रेंगाळते. इथनं तिथं जाताना मधला रस्ता ऐकू येतो. आपल्याला तो रस्ताच आवडला."

फिटर दुबईला गेला तेव्हा गिटार काकांना देऊन गेला. दांडी मात्र हरवली होती. काकांनी खात्यातली एक मोडकी चाती घेतली, तिचा तुकडा कापून घासून गुळगुळीत केला. सूत ज्या पोलादाभोवती फिरायचं, तेच पोलाद आता तारांवरून फिरायला लागलं. आजही तीच दांडी आहे. गिरणी गेली, चाळ गेली, दांडी राहिली.

चाळीच्या कॉमन गॅलरीत बसून ते वाजवायचे आणि समोरच्या गॅलरीत चंपा तांदूळ निवडायची. चंपा आत्याकडे राहून शिवणक्लास करायची. आईवडील गावी, देवगडच्या पुढे. दोघांनी दीड वर्षात एकमेकांशी किती बोलावं? काका म्हणतात, सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावेल एवढं. काकू म्हणतात, थापा आहेत.

"तांदूळ निवडायला माणसाला दीड तास लागतो?" त्या मला विचारतात. "खडे होते की डोंगर?"

मग आला एक्याऐंशीचा मे महिना. चंपा गावी गेली. तिच्या गावात वैशाखात देवळात हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस, सात रात्री अखंड भजन. पहारेकरी बदलतात, वीणा मात्र खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. आणि वीणा सांभाळण्याचा मान चंपाच्या वडलांचा होता. हे सगळं काकांना माहीत होतं, कारण पोस्टकार्डावर मावेल एवढ्या बोलण्यात चंपा बरंचसं हेच बोलली होती.

सप्ताहाच्या चार दिवस आधी काकांचा दोस्त आनंदा त्याच भागातल्या आपल्या गावाहून परतला. त्याला एसटी स्टॅंडवर चंपा भेटली होती. बाजूला तिचे वडील उभे होते, म्हणून तिनं हळूच एकच वाक्य सांगितलं. आनंदानं ते एक अक्षर इकडेतिकडे न करता लवूपर्यंत आणलं:

"चंपा म्हणाली, सप्ताह बसायच्या आत तार पाठव."

आता मी ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी या जागी मला लवूला थांबवावंसं वाटतं. कारण लवू धुरी, वय वर्षं चोवीस, हे वाक्य ऐकून खुशीनं वेडा झाला. वीणेची तार तुटली! सप्ताह तोंडावर! आणि होणाऱ्या सासऱ्याच्या वीणेला तार पाहिजे म्हणून तिनं कुणाला सांगितलं? आपल्याला!

त्यानं खाडा केला. गिरगावात जाऊन चार दुकानं पालथी घातली. वीणेला लागतो तसा पूर्ण जोड घेतला, दोन पोलादी, दोन पितळी, प्रत्येक तार कानाशी धरून तपासली. मेणकागदात गुंडाळल्या. पुडक्यात चिठ्ठी टाकली, पण चिठ्ठी वडलांच्या हातात पडेल या भीतीनं तीत एवढंच लिहिलं: 'वडलांना नमस्कार. आपला, लवू.' परळ डेपोतून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरला हातापाया पडून पुडकं दिलं आणि गॅलरीत येऊन वाजवत बसला.

महिन्यानं चंपाच्या आत्याकडे लग्नाचे पेढे आले. चहाच्या टपरीवर आनंदा भडकला.

"लवू, तू माणूस आहेस की दगड? तिनं निरोप दिला, तू तार का नाही केलीस?"

"केली म्हणजे? पाठवली की! त्याच दिवशी!"

"कुठे पाठवलीस? पोस्टात गेला होतास?"

"पोस्टात कशाला? गिरगावात गेलो. चांगला जोड घेतला, चार तारांचा..."

आनंदानं कप खाली ठेवला. मग त्यानं लवूच्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्या हातानंच लवूला कळलं.

तिला पोस्टाची तार पाहिजे होती. 'आत्या सीरियस, चंपाला पाठवा.' एवढंच. तेव्हा गावी गेलेल्या मुलीला मुंबईला परत आणायला दुसरा मार्गच नव्हता. सप्ताहाला पाहुणे येणार होते, समाप्तीला तिची सुपारी फुटून लग्न ठरणार होतं, त्याच्या आत तिला निघायचं होतं. आणि तिच्या हातात पडलं काय, तर वीणेच्या तारांचं पुडकं आणि वडलांना नमस्कार.

"मी तिची चेष्टा केली असं वाटलं असेल तिला," काका आजही म्हणतात. "किंवा वाटलं असेल, ह्यानं अंग काढून घेतलं. गंमत करून सुटला. हे मला खातं. लग्न झालं, बरं झालं, सुखात असेल. पण ती मला तसा समजत असेल ना गं, अजून?"

एवढीच त्यांची ठसठस. चंपा मिळाली नाही याची नव्हे. चव्वेचाळीस वर्षं एका माणसाच्या मनात आपण लबाड म्हणून राहिलो, याची.

पुढच्या जानेवारीत संप झाला. गिरणी गेली. लवूकाका गिटार घेऊन बारशाला, साखरपुड्याला, मंडळाच्या ऑर्केस्ट्रात, जिथे बोलावतील तिथे गेले. "तिचे उपकारच म्हणायचे," ते म्हणतात. "तिच्यासाठी म्हणून रोज वाजवत बसायचो, त्यामुळे हात तयार झाला. संपात त्या हातानं घर तगलं." पुढे हिंदमाताची नोकरी लागली, आणि पंच्याऐंशीत शालनशी लग्न.

काकूंना ही गोष्ट लग्नानंतर आठवड्याभरात कळली. म्हणजे कळायचं राहिलंच नसतं, कारण काका रोज संध्याकाळी एकच चाल वाजवायचे आणि चालीचं नाव विचारलं तर म्हणायचे, 'असंच.' काकूंनी आनंदाला जेवायला बोलावलं, दोन वेळा मटण वाढलं आणि सगळं काढून घेतलं.

"राग नाही आला?" मी विचारलं होतं.

"आला की. दोन दिवस आला." मग त्या हसल्या. "तिसऱ्या दिवशी हे मच्छी आणायला गेले. मी सांगितलं होतं, सौंदाळे आणा. हे सौंदाळेच घेऊन आले. नीट बघून, ताजे. माझ्या माहेरी बापाला काही सांगितलं तर ऐकूनसुद्धा घ्यायचा नाही. आणि हा माणूस सांगितलेला शब्द शब्दाबरहुकूम करतो. तार म्हटली, तर तार! तेव्हा म्हटलं, शालन, तुझं नशीब थोर. ती पोरगी जरा सविस्तर बोलली असती ना, तर हा माणूस तुला मिळाला नसता."

तर असं ते भांडण होतं. त्या दिवशी मी चपला काढून आत बसले, चहा आला, आणि काकूंनी शेवटचा वार केला.

"हे बघा. ती कविता तुमची नाही, माझी आहे. त्या तारेमुळे मी या घरात आले. तुम्हाला लाज वाटत असेल, मला नाही वाटत. मला आभार मानायचेत. मला कविता करता येत नाही. तुम्ही वाचा माझ्या वतीनं."

काका म्हणाले, "लोक हसतील."

"हसू देत. तुमचं आयुष्य काय रडायचं आहे?"

रविवारी सकाळी साडेदहाला सभागृह बऱ्यापैकी भरलं. साठेक माणसं असतील. अर्धी आमच्या इमारतीतली, डब्यातून उपमा घेऊन आलेली. मी विंगेतून पाहत होते. काकू नवी साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून, पहिल्या रांगेत बसायचं सोडून दाराशी उभ्या होत्या. आल्यागेल्याकडे मान उंच करून बघत होत्या. मला वाटलं, भाचीची वाट बघत असतील.

मी दहा कविता वाचल्या. काका मधे वाजवत होते आणि चातीचा तो तुकडा तारांवरून असा जात होता, जसं कुणी भरल्या घरातून झोपलेल्यांना न उठवता चालत जावं. शेवटी मी बाजूला झाले. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. काकूंच्या अक्षरातला. तेव्हा मी प्रेक्षकांत पाहिलं. काकू बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी पांढऱ्या केसांची, चष्मा लावलेली एक बाई. काकूंनी तिचा हात हातात धरला होता.

काकांचं लक्ष कागदावर होतं. ते म्हणाले, "ही माझ्या बायकोच्या हुकमावरून." लोक हसले. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

तू म्हणालीस, तार.
मी ऐकलं, तार.
शब्द एकच, चंपा,
दोन टोकांना दोघं.

तुला हवी होती
चार शब्दांची.
मी धाडली
बिनशब्दांची.

आता मांडीवर गिटार घेतो,
दांडी सरकवतो
लालबागपासून
तुझ्या गावापर्यंत.
मधले सगळे
थांबे लागतात.

ज्याला तार
करता आली नाही
त्याला निदान
छेडता यावी,
एवढं देऊन गेलीस.
देव तुझं भलं करो.

मग त्यांनी ती चाल वाजवली. चाळीस वर्षं 'असंच' नाव असलेली. कुणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या आमच्या वॉचमनकाकांनी नाक शिंकरलं, तेवढाच आवाज.

संपल्यावर माणसं भेटायला मंचावर चढली, उतरली, उपम्याकडे गेली. काका गिटार पेटीत ठेवत होते. काकू त्या बाईंना घेऊन आल्या.

"अहो, ह्यांना ओळखलंत?"

काकांनी वर पाहिलं. पेटीचं झाकण त्यांच्या हातून निसटून धाडकन पडलं.

"चंपा?"

"हो. माईकवर घेतलंस की नाव. आता इथे का अडखळतोस?" बाई म्हणाल्या. आवाज खणखणीत होता. त्या आता मुलाकडे कॉटन ग्रीनला राहतात. आनंदाकडून नंबर घेऊन काकूंनी फोन केला होता, आठ दिवसांपूर्वी. म्हणजे भांडण सुरू होण्याच्याही आधी.

"शालन, तू..." काका बायकोकडे वळले.

"माझ्याशी नंतर भांडा," काकू म्हणाल्या. "आधी तिच्याशी बोला. तुम्हाला सांगायचं होतं ना काहीतरी? चव्वेचाळीस वर्षं?"

काकांनी हात जोडले. खरोखरच जोडले, देवळात जोडतात तसे. "चंपा, मी चेष्टा नव्हती केली. मला खरंच वाटलं, वीणेची तार..."

"माहीत आहे रे."

"आता कविता ऐकून..."

"आता नाही. तेव्हाच. पुडकं उघडलं त्याच क्षणी." बाईंनी पदरानं चष्मा पुसला. "चुलीपुढे बसून उघडलं मी. तारा बघितल्या आणि हसायला लागले. आई म्हणाली, पोरीला काय झालं? मी म्हटलं, हा लवू! ह्याला गिटारीपुढे दुसरं जग नाही. लबाड माणूस असता तर काहीच पाठवलं नसतं. चार तारा, प्रत्येक वेगळी गुंडाळलेली. असं कोण करतं रे अंग काढून घ्यायला?"

काका खुर्चीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावरून काय उतरत गेलं ते मला सांगता येणार नाही. मी अभिनय शिकलेय, पण ते कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. काकूंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"आणि बाबा तर एवढे खूश झाले!" चंपाबाई सांगत होत्या. "वीणेची जुनी तार गंजलेलीच होती. त्यांनी तुझ्या चढवल्या. म्हणाले, 'कोण गो ह्यो लवू? झील गुणी दिसता. खंयचो?' सात दिवस, सात रात्री तुझीच तार वाजली बघ देवळात. मी बायकांच्या बाजूला बसून ऐकत होते. पाहुणे आले, सुपारी फुटली, तरी वाजतच होती. माझा संसार चांगला झाला, लवू. आमचे हे चांगले होते. मी त्या सात दिवसांचं नेहमी मनात ठेवलं, की माझ्या लग्नाला एवढा चांगला आवाज लाभला. थॅंक्यू म्हणायला आले मी."

"बघा," काकू काकांना म्हणाल्या, डोळे पुसत. "उगाच खात बसलात स्वतःला."

काका पाणी प्यायले. पेला खाली ठेवला. आणि मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली, हळूच, गिटारीवर दांडी सरकावी तशी.

"चंपा," ते म्हणाले, "वडलांनी विचारलं, कोण हा लवू?"

"हो."

"गुणी दिसतो म्हणाले."

"हो म्हणाले."

"मग तू काय सांगितलंस? कोण म्हणून सांगितलंस? तेव्हा तर सांगता आलं असतं."

चंपाबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. काकूंच्या केसांतला वळेसर सैल झाला होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी नीट बसवला आणि त्यांच्या गालावरून हात फिरवला. मग खुर्चीवरची आपली पिशवी उचलली, पायऱ्या सांभाळून उतरल्या, आणि रिकाम्या खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, मागे न बघता, दार ढकलून बाहेर पडल्या.